पेशीतल्या जोडीचं दावं

आमच्या काकाजींची एक रीत गावात दुसऱ्या कोणाची नाही. डवरणीच्या दिवसांत दुपारी जोत सुटलं की ते दोन्ही बैलांच्या गळ्यात एकच सैल दावं अडकवतात आणि जोडी धुऱ्यावर चरायला सोडतात. एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. ओढाताण नसते, पण लांबही जाता येत नाही. तीनच्या सुमारास पुन्हा डवरा जुंपायचा झाला की आधी ते दावं निघतं, मग मानेवर जू चढतं. जुंपतानाही दावं राहू दिलं तर काय बिघडतं, असं मी एकदा विचारलं.

"कामाले जू हाय ना," काकाजी म्हणाले. "दावं मोकळ्या टायमासाठी रायते."

मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. पेशीविभाजन शिकवताना फळ्यावर दरवर्षी तेच चित्र काढतो: पेशीच्या दोन टोकांना दोन ठिपके, त्यांच्यातून निघालेले धागे, मधोमध गुणसूत्रांची रांग. ठिपके म्हणजे सेंट्रोसोम. "विभाजनाच्या सुरुवातीला सेंट्रोसोम विरुद्ध टोकांना जातात," असं एक वाक्य सांगून आपण पुढे सरकतो. त्याआधी ते कुठे होते, एकमेकांजवळ कशानं थांबले होते आणि त्यांना सोडलं कोणी, हे पोरं विचारत नाहीत आणि मीही कित्येक वर्षं सांगितलं नाही.

सेंट्रोसोमच्या गाभ्यात सेंट्रिओल नावाच्या दोन नळकांड्या असतात. एकेक साधारण अर्धा मायक्रोमीटर लांब, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. बोंडातला कापसाचा एक तंतू घ्या. त्याची जाडी पंधराएक मायक्रोमीटर भरते. त्या जाडीत तीस सेंट्रिओल टोकाला टोक लावून मावतील. नळकांडीच्या भिंतीत सूक्ष्मनलिकांचे, म्हणजे प्रथिनांच्या बारीक नळ्यांचे, नऊ जुडगे गोलाकार उभे असतात, एकेका जुडग्यात तीन नलिका. भोवती प्रथिनांचा दाट लगदा असतो. पेशीतला सूक्ष्मनलिकांचा सांगाडा मुख्यतः त्या लगद्यातून फुटतो.

कापसाचं नाव निघालंच आहे तर सांगून टाकतो, पऱ्हाटीत सेंट्रोसोम नसतो. कोणत्याच फुलझाडात नसतो. तरी तिच्या पेशी व्यवस्थित विभागतात, धागे दुसऱ्या पद्धतीनं उभारतात. त्यामुळे सेंट्रोसोमशिवाय विभाजन होतच नाही असं जे सरसकट सांगितलं जातं, ते आमच्या शेतातच खोटं ठरतं. माशीची गोष्ट त्याहून चमत्कारिक आहे. सेंट्रिओल बनवूच न शकणाऱ्या फळमाश्या २००६ मध्ये प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या. त्या पूर्ण वाढल्या, कोशातून बाहेरही आल्या, पण लवकरच मेल्या. सेंट्रिओलच्या आधारानं जे केसासारखे तंतू उभे राहतात ते नसल्यामुळे त्यांच्या संवेदना देणाऱ्या चेतापेशी निकामी होत्या.

प्राण्यांत मात्र सेंट्रोसोमची संख्या चुकली की भानगड होते. सेंट्रोसोम हे नाव जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यानं १८८८ मध्ये दिलं. समुद्री अर्चिनच्या अंड्यात एकाच वेळी दोन शुक्राणू शिरले तर काय होतं, हे त्यानं पाहिलं. शुक्राणू आपल्यासोबत सेंट्रोसोम आणतो. दोन शिरले म्हणजे दोन टोकांऐवजी चार टोकं तयार होतात, गुणसूत्रांची वाटणी वेडीवाकडी होते आणि भ्रूण बिघडतो. यावरूनच पुढे १९१४ मध्ये त्यानं मांडलं की कर्करोगाच्या गाठीचं मूळही गुणसूत्रांच्या अशाच चुकीच्या वाटणीत असावं. हाताशी साधा सूक्ष्मदर्शक असताना केलेला हा तर्क आजही वाचावासा वाटतो.

म्हणून पेशी सेंट्रोसोमचा हिशोब काटेकोर ठेवते. नव्या पेशीच्या वाट्याला दोन सेंट्रिओल येतात. डीएनएची नक्कल होते त्याच सुमारास प्रत्येक सेंट्रिओलच्या कुशीला काटकोनात एक नवी लेक फुटते. आता चार झाले, दोन मायलेकींच्या जोड्या. इथे बंधनं दोन प्रकारची आहेत आणि ती एकमेकांत मिसळायची नाहीत. मायलेकींमधलं बंधन घट्ट. एका जोडीचं दुसऱ्या जोडीशी असलेलं बंधन सैल, दाव्यासारखं.

घट्ट बंधनाचं काम आमच्या गोठ्यात सहज समजतं. वासरू अंगावर पित असेपर्यंत गाय लवकर माजावर येत नाही. सेंट्रिओलचंही तसंच, लेक चिकटलेली असेपर्यंत मायला दुसरी लेक होत नाही. विभाजनाच्या शेवटाला सेपरेज नावाचं प्रथिन येतं. गुणसूत्रांच्या जुळ्या धाग्यांना धरून ठेवणारी कडी तोडणारी जी कात्री, तीच ही. ती मायलेकींना लपेटलेल्या लगद्यातलं पेरिसेंट्रिन हे प्रथिनही कापते आणि लेक सुटी होते. सुटी झाली की पुढच्या फेरीत नवी नक्कल करायची मुभा मिळते. सेपरेजचं हे काम २००६ मध्ये स्पष्ट झालं तेव्हा एका जुन्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: एका फेरीत नक्कल एकदाच का होते.

पण मला ओढ आहे ती सैल दाव्याची.

हे दावं कशाचं असतं हे १९९८ पासून उलगडत गेलं. पेशीशास्त्रज्ञ एरिख निग यांच्या प्रयोगशाळेत सी-नॅप१ नावाचं प्रथिन सापडलं. ते प्रत्येक माय-सेंट्रिओलच्या बुडाशी बसतं, खुंट्यासारखं. २००५ मध्ये कळलं की त्या खुंट्याला रूटलेटिन नावाच्या प्रथिनाचे धागे बांधलेले असतात. सी-नॅप१ मध्ये सुमारे २,४०० अमिनो आम्लं आहेत, रूटलेटिनमध्ये सुमारे २,०००. दोन्ही प्रथिनं लांबच लांब आणि दोन्हींची घडण दोरासारखी. प्रथिनाची साखळी आधी स्वतःभोवती मळसूत्रासारखी फिरते, मग अशा दोन साखळ्या एकमेकींवर पीळ घालतात. दर सात अमिनो आम्लांच्या टप्प्यात ठरावीक जागी पाण्याला नाखूष असलेली आम्लं येतात. ती पाण्यापासून तोंड लपवायला एकमेकींकडे वळतात आणि पीळ पक्का बसतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण या रेणूंसाठीच केली असावी असं शिकवताना मनात येतं.

दोन सेंट्रिओलमध्ये एकच दोर ताणून बांधला आहे, असं चित्र डोळ्यासमोर आणू नका. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. घरातले दोन फडे घ्या, झाडायचे, शिंदीचे. त्यांची तोंडं समोरासमोर धरून एकमेकांत खुपसा. काड्या काड्यांत शिरतात, कुठेही गाठ नसते, तरी ओढले तर चटकन सुटत नाहीत. रूटलेटिनचे धागे दोन्ही बाजूंनी असेच येऊन मध्ये गुंततात. सीईपी६८ नावाचं आणखी एक प्रथिन त्या धाग्यांना जागोजागी आवळून धरतं. २०१८ मध्ये अतिसूक्ष्म प्रकाशचित्रणानं हे धागे पाहिले तेव्हा त्यांच्यावर दर ७५ नॅनोमीटरला एकसारखी खूण दिसली, सुताच्या दोरीवर समान अंतरानं गाठी माराव्यात तशी. हे तंत्र ज्या स्टेफान हेल यांनी विकसित केलं, त्यांना त्याबद्दल २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं होतं आणि ते या कामातही सहभागी होते.

एवढ्या दाव्यानं दोन सेंट्रोसोम एकमेकांपासून साधारण दोन मायक्रोमीटरच्या आत राहतात. अंतर त्याहून वाढलं की दावं सुटलं असं संशोधक मोजतात.

आता सोडण्याचं काम. पेशी इथे कात्री वापरत नाही, पीळ सैल करते. नेक२ नावाचं एन्झाइम सी-नॅप१ आणि रूटलेटिनवर फॉस्फेटचे रेणू चिकटवत जातं. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो. एकाच धाग्यावर असे बरेच भार बसले की पकड ढिली पडते आणि खुंटा जागचा हलतो. एरवी नेक२ हात चालवत नाही असं नाही. पण शेजारीच पीपी१ नावाचं दुसरं एन्झाइम बसलेलं असतं आणि ते चिकटवलेला प्रत्येक फॉस्फेट काढून टाकतं. एक गाठ सोडतोय, दुसरा मारतोय, असा हा दिवसभराचा खेळ. विभाजनाची वेळ आली की पीएलके१ हे वरचं एन्झाइम मध्ये पडतं. त्याच्या इशाऱ्यानं होणाऱ्या बदलांमुळे पीपी१ ची नेक२ वरची पकड सुटते, गाठ मारणारा बाजूला होतो आणि दावं गळून पडतं. मग ईजी५ नावाचं चालक प्रथिन दोन्ही बाजूंच्या सूक्ष्मनलिकांना उलट दिशांना रेटतं आणि सेंट्रोसोम टोकांकडे सरकतात.

नेक२ च्या घराण्याचं नाव गमतीचं आहे. ते एका बुरशीवरून आलं. या बुरशीत संबंधित जनुक बिघडलं की पेशी विभाजनात शिरायच्याच थांबत. संशोधकांनी इंग्रजीत त्याला "विभाजनात कधीच नाही" अशा अर्थाचं नाव दिलं आणि त्याचं लघुरूप पुढे माणसाच्या प्रथिनांनाही चिकटलं.

नेक२ बंद केलं तर? इथे मी चकित झालो होतो. बहुतेक पेशी तरीही विभागतात. ईजी५ चा रेटा इतका असतो की न सोडलेलं दावंही ओढून तुटतं. ईजी५ ला औषधानं दुबळं केलं तरच नेक२ ची गरज उघडी पडते. हे काकाजींना सांगितलं तेव्हा त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. "बैल बिचकला तं दावं काय धरीन त्याले?" एवढंच बोलले.

मग हे दावं हवंच कशाला? विभाजनात ते अडचणच करतं, सोडलं नाही तरी तुटतं. मला बरीच वर्षं याचं नीट उत्तर सापडत नव्हतं. ते मिळालं एका वासरामुळे, आणि ते वासरू आमचं नाही, फ्रान्समधलं.

मोंबेलियार्द ही फ्रान्सची दुधाळ, तांबड्या-पांढऱ्या रंगाची जात. तिच्यात काही वासरं विचित्र जन्मायची. वजन कमी, वाढ मंद, मागच्या पायांचं मांस भरलेलं नाही, डोकं शेळीसारखं अरुंद, अंगावरचा रंग जागोजागी उडालेला. आजार प्रच्छन्न, म्हणजे माय आणि बाप दोघांकडून खोट आली तरच दिसणारा. २०१५ मध्ये खोट नेमकी कुठे आहे ते सापडलं: सी-नॅप१ बनवणाऱ्या जनुकात. प्रथिन अर्धवटच बनत होतं. खुंटाच नाही तर दावं कुठे अडकणार? या वासरांच्या पेशींत सेंट्रोसोम एकमेकांपासून दूर भटकलेले होते.

आणि तरी विभाजन बिघडलेलं नव्हतं. सेंट्रिओलची बांधणी ठीक, नक्कल ठीक, गुणसूत्रांना ओढणारे धागे ठीक. बिघडलं होतं पेशींचं चालणं. पेशी जागा बदलते तेव्हा तिचा सांगाडा एका मध्यातून पसरलेला असावा लागतो, म्हणजे पुढची बाजू कोणती ते ठरतं. मध्य दोन झाले की पाऊल कुठे टाकायचं याचा गोंधळ होतो. गर्भात तर पेशींची केवढी वाटचाल असते. कातडीला रंग देणाऱ्या पेशी पाठीच्या कण्याजवळ जन्मतात आणि तिथून चालत अंगभर पोचतात. वासरांच्या अंगावरचे उडालेले पट्टे या अडखळलेल्या चालीमुळेच असावेत असा माझा अंदाज आहे.

म्हणजे काकाजींचं वाक्य पेशीलाही तंतोतंत लागू पडलं होतं आणि मी ते धुऱ्यावर ऐकून विसरलो होतो. दावं कामाच्या वेळेसाठी नव्हतंच.

गेल्या पावसाळ्यात आमची गवळाऊ गाय माजावर आली. पशुवैद्यक मोटरसायकलवर द्रव नायट्रोजनचं भांडं बांधून आले. उणे १९६ अंशांतून बाहेर काढलेली कांडी त्यांनी कोमट पाण्यात धरली. पाव मिलिलिटरची ती प्लास्टिकची नळी, तिच्यात लाखो शुक्राणू. मी काकाजींना सांगत होतो की गाईच्या बीजांडातले सेंट्रिओल केव्हाच नाहीसे झालेले असतात. पुढच्या वासराच्या अंगातले सगळे सेंट्रोसोम या नळीतल्या एका शुक्राणूच्या सेंट्रिओलपासूनच सुरू होणार. उंदरात असं नसतं, पण गाईत आणि माणसात असंच असतं.

काकाजी थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी त्या फ्रेंच वासरांबद्दल विचारलं. "आपल्या गाईले तसं काही हाय का?"

ती खोट मोंबेलियार्दमध्ये सापडली, गवळाऊ वेगळी जात, असं मी म्हणालो. जनुकातली जागा ठाऊक झाल्यामुळे त्या जातीच्या वळूत ही खोट लपलेली आहे का हे आता रक्ताच्या थेंबावरून तपासता येतं, आणि एका वळूच्या कांड्या हजारो गाईंना जात असल्यामुळे अशी तपासणी फार मोलाची ठरते. डॉक्टरांनी मान हलवली, भांड्याचं झाकण लावलं आणि नोंदवहीत वळूचा क्रमांक लिहून घेतला.

"तं माय निरोगी, बाप निरोगी, तरी वासरू तसं निंगू शकते," काकाजी म्हणाले. "दोघाईच्या पोटात एकच खोट असन तं."

मी हो म्हणालो. त्यांनी गाईचं दावं सोडलं आणि तिला पलीकडच्या सावलीत नेऊन बांधलं.