बारीक मुलीची पाळी का चुकते?

माझ्या भाचीच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट पट्टा दिसू लागला, तेव्हा घरात पहिला उपाय झाला तो बेसन आणि सायीचा. मग लिंबू. मग दर रविवारी आंघोळीच्या वेळी ताई लूफाने तिची मान लाल होईपर्यंत घासायची. तो मळ नव्हताच. रक्तात इन्सुलिन फार वाढलं की त्वचेच्या पेशी भराभर वाढतात आणि मानेवर, काखेत, जांघेत त्वचा जाड, मखमली, काळपट होते. डॉक्टर याला अकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात. आम्हाला हे कळायला दोन वर्षं गेली, कारण मुलगी बारीक. पाळी तीन-तीन महिने येत नव्हती, हनुवटीवर राठ केस होते, तरी लालबागच्या त्या घरात जो येई तो म्हणे, "हिला कुठला पीसीओडी? तो जाड मुलींना होतो."

पीसीओडी हा मुंबईत रुळलेला शब्द. डॉक्टर आता पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'सिस्ट' वाचलं की घरचे 'गाठी' म्हणून धसका घेतात. त्या गाठी नसतात. स्त्रीबीज ज्या इवल्या पिशवीत वाढतं, तशा अर्ध्यावर वाढ थांबलेल्या त्या पिशव्या असतात. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी 1935 मध्ये 7 स्त्रियांमध्ये हे चित्र वर्णन केलं, तेव्हा सगळं लक्ष बीजांडकोशावर, म्हणजे ओव्हरीवर होतं. इन्सुलिनशी असलेला संबंध पुढे आला तो थेट 1980 मध्ये.

तो संबंध असा. पेशीच्या दाराशी इन्सुलिन येतं आणि तिथल्या ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला चिकटतं. रिसेप्टरचा आतला भाग जागा होतो, पुढच्या प्रथिनांना निरोप जातो आणि साखर आत घेतली जाते. इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये हा निरोप अर्ध्या वाटेत अडतो, मुख्यतः स्नायूंमध्ये. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. चाळीत एका खोलीचं दार उघडेना म्हणून जोरजोरात ठोठावलं की शेजारची खोली जागी होते ना, तसं होतं. बीजांडकोशाला इन्सुलिन नीट ऐकू येत असतं. इतकं इन्सुलिन मिळाल्यावर तो पुरुषी संप्रेरकं जास्त बनवतो. यकृतही टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन कमी बनवतं, त्यामुळे मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. राठ केस त्यातून येतात, बीजाची वाढही त्यातूनच थांबते, आणि पाळी पुढे जाते.

स्नायूंमधला निरोप मुळात का अडतो, याचा एक धागा आपल्या परळमध्ये सापडला आहे. जे. एम. स्ट्रीटवर प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी पीसीओएस असलेल्या भारतीय स्त्रियांचं इन्सुलिन रिसेप्टरचं जनुक तपासलं. हे जनुक 19व्या गुणसूत्रावर असतं. त्याच्या 17व्या तुकड्यात, म्हणजे निरोप पुढे ढकलणाऱ्या भागाच्या मजकुरात, डीएनएच्या लिपीतल्या एका अक्षराचा फरक काही जणींत असतो: 'सी'च्या जागी 'टी'. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हा फरक बारीक अंगाच्या, पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये जास्त आढळला. ज्यांच्यात तो होता त्यांचं उपाशीपोटीचं इन्सुलिन जास्त होतं आणि मोकळं टेस्टोस्टेरॉनही. वजन जास्त असलेल्या गटात मात्र हा संबंध दिसला नाही. माझ्या मते या अभ्यासातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे, कारण बारीक मुलीचा आजार म्हणजे जाड मुलीच्याच आजाराची सौम्य आवृत्ती, असं आपण गृहीत धरून चालतो.

गंमत म्हणजे हा फरक 'मूक' आहे. सीएसी लिहा की सीएटी, पेशी वाचते ते हिस्टिडीनच, म्हणजे प्रथिनातली तीच वीट. 'दूध' हा शब्द ऱ्हस्व लिहिला तरी उच्चार तोच राहतो, तसं. मग परिणाम कसा होतो? कदाचित शेजारचा दुसराच एखादा बदल याच्या सोबतीने पिढ्यान्पिढ्या येत असेल. कदाचित स्पेलिंग बदलल्याने प्रथिन बनण्याचा वेग बदलत असेल. अभ्यासाने संबंध दाखवला आहे, कारण नव्हे. पण हे जनुक पुढे पुन्हा समोर आलंच: 2012 मध्ये चिनी स्त्रियांच्या संपूर्ण जनुकसंचाच्या मोठ्या तपासणीत इन्सुलिन रिसेप्टरचा पत्ता पीसीओएसशी जोडलेल्या जागांच्या यादीत होता.

एका जनुकावर सगळं येत नाही. 2018 मध्ये युरोपीय वंशाच्या 10 हजारांहून जास्त रुग्ण स्त्रियांच्या अभ्यासात अशा 14 जागा निघाल्या, आणि प्रत्येकीचा वाटा छोटा. आपल्याकडे त्यात शरीराची ठेवणही मिसळते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे मांडले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. वजनकाटा बारीक म्हणतो त्या भारतीय अंगात चरबी लपलेली असू शकते.

आणि जनुकं निम्मी वडिलांची. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्या घरात बोट ताईकडेच गेलं: "तुझ्याकडचंच असणार." बीजांडकोश नसला तरी पुरुष हीच जनुकं बाळगतात आणि मुलीला देतात. त्यांच्यात ती मधुमेह, लठ्ठपणा किंवा लवकर पडणाऱ्या टकलाच्या रूपात दिसू शकतात.

वजन कितीही असो, पीसीओएसचं निदान झालं की साखरेची तपासणी हवी, शक्यतो 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती, असं 2023 चं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगतं. अडलेल्या निरोपाला एक वळसाही आहे. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते इन्सुलिनच्या निरोपाशिवायही साखर आत ओढतात. म्हणून बारीक मुलीला "कमी खा" म्हणण्यापेक्षा जिने चढायला, वजनं उचलायला, जेवणानंतर चालायला सांगणं जास्त उपयोगाचं. पाळी महिनोन्‌महिने येत नसेल तर औषध डॉक्टर ठरवतील. गर्भाशयाचं अस्तर साचत राहणं बरं नाही.

भाचीचा रिपोर्ट आला त्या आठवड्यात भावजींनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची साखर तपासून घेतली. ती वाढलेली निघाली. आता रात्री जेवण झालं की दोघं बापलेक गणेश गल्लीतून चक्कर मारून येतात.