गेमच्या डब्यातला कम्प्युटर : पार्श्वभूमी

व्हिडिओ गेम पार्लरमधल्या मशीनचा घरी कम्प्युटर होऊ शकतो का, असं कुणी विचारतं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा 'मुस्तफा'चं, म्हणजे 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' या खेळाचं मशीन असतं. त्याचा होत नाही. 1993च्या त्या खेळाच्या बोर्डवर मोटोरोलाचा 68000 प्रोसेसर आहे, खेळ चिपांमध्येच कोरलेला आहे, आणि जॉयस्टिक, बटणं, मॉनिटर सगळं जोडलं जातं ते 1985मध्ये जपानमध्ये ठरलेल्या जॅमा पद्धतीच्या 56 पट्ट्यांतून. हार्डडिस्कला जागा नाही, कीबोर्डला नाही. मॉनिटरही टीव्हीच्या जातीचा, साधारण 15 किलोहर्ट्झचा; कम्प्युटरचे मॉनिटर सहसा 31 किलोहर्ट्झच्या खाली उतरत नाहीत. नाशिकच्या शालिमार आणि मेन रोडच्या बोळांमध्ये एक रुपयाच्या टोकनवर जी मशीनं आपण खेळलो, ती बहुतेक याच कुळातली. ती भंगारात गेली याचं वाईट वाटतं, पण या टिपणाचा विषय त्यांच्या पुढच्या पिढीचा आहे.

ही पुढची पिढी बाहेरून तशीच दिसते. स्टीअरिंग, पेडल, टोकनची खाच, वर चमकणारी पाटी. फरक पोटात आहे. 1999चं 'हायड्रो थंडर' इंटेलच्या प्रोसेसरवर आणि हार्डडिस्कवर चालायचं, पण तशी मशीनं तेव्हा थोडी होती. वारं फिरलं ते 2004मध्ये टायटो या जपानी कंपनीचं टाइप एक्स आल्यावर. त्यात इंटेलचा 865 चिपसेट, सेलेरॉन प्रोसेसर, एटीआयचं ग्राफिक्स कार्ड आणि विंडोज एक्सपी एम्बेडेड, म्हणजे अशा यंत्रांसाठीची खास विंडोज, होतं. म्हणजे त्या काळी एमजी रोडवरून जुळवून आणलेल्या कम्प्युटरात जे असायचं, जवळजवळ तेच. 2005मध्ये सेगाचं लिंडबर्ग आलं, पेन्टियम 4 आणि लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर. 2007चा टाइप एक्स 2 एलजीए 775 सॉकेटवर (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसरची बैठक) होता. 'स्ट्रीट फायटर 4' 2008मध्ये त्याच्यावरच आला. 2009च्या सेगाच्या रिंगएजमध्ये ड्युअल कोअर पेन्टियम, जीफोर्स 8800 जीएस आणि 32 जीबीची एसएसडी होती. पार्लरं कमी होत असताना स्वतःच्या खास चिपा बनवणं कंपन्यांना परवडेना, आणि बाजारात मिळणारी ग्राफिक्स कार्डं त्या चिपांना केव्हाच मागे टाकून गेली होती. चिनी बनावटीच्या रेसिंग मशीनांनी तर एवढाही आव आणला नाही. साधा मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड, एक हार्डडिस्क, मागे लटकणारा डोंगल (तो नसला तर खेळ चालू होत नाही), झालं मशीन.

नाशिकमध्ये ही मशीनं मॉलांबरोबर आली, आणि ती आली तेव्हा महाराष्ट्रात भारनियमनाची वर्षं चालू होती. हा योगायोग मला फार महत्त्वाचा वाटतो. घरचा कम्प्युटर वीज गेली की धास्तावतो. पुढच्या वेळी निळा पडदा, डिस्कची तपासणी, कधी अख्खी विंडोज नव्याने. पार्लरमधला कम्प्युटर मात्र मुळात बटण खेचून बंद करण्यासाठीच बनवलेला असतो. रात्री दुकान बंद करताना मालक प्रत्येक मशीनचं शटडाउन करत बसत नाही, मेन स्विच पाडतो. त्यासाठी एक्सपी एम्बेडेडमध्ये राइट फिल्टरची सोय आहे : डिस्कवर जे काही लिहायचं ते खरं तर रॅममध्ये लिहिलं जातं, आणि वीज गेली की पुसलं जातं. डिस्क कालच्यासारखीच कोरी करकरीत राहते. भारनियमनाच्या गावात यापेक्षा शहाणी रचना दुसरी कोणती असणार? याच गुणाने पुढे घरी आणल्यावर लोकांना रडवलं, ते ओघात येईलच.

2016च्या शेवटी मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि पार्लरांना उतरती कळा लागली. मार्च 2020मध्ये टाळेबंदीने जी दारं बंद झाली त्यांतली काही पुन्हा उघडलीच नाहीत. जागेचं भाडं थकलं, मशीनं किलोच्या भावाने निघाली. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार जानेवारी 2017मध्ये हटवला गेला होता, त्यामुळे माल एका ठिकाणी न येता गावभर विखुरला. 2020च्या जूनमध्ये शाळा पडद्यावर भरू लागल्या. घरात मोबाइल एक, मुलं दोन, आणि बाजारात जुना लॅपटॉपसुद्धा हाती लागेना. एकीकडे कम्प्युटर हवा म्हणून माणूस वणवण करतोय आणि दुसरीकडे चालू कम्प्युटर पत्र्याच्या भावाने तोलला जातोय, असं चित्र होतं. सिडकोत आणि नाशिक रोडला रिपेअरिंग करणाऱ्या काही हातांनी ही दोन टोकं जोडली. त्यातल्या एकाच्या टेबलाशी मी बरेच दिवस बसलो आहे, म्हणून या काळाबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे 'सीपीयू' म्हणजे अख्खा डबा. मशीनची मागची झडप उघडली की तो डबा चार स्क्रूंवर बसलेला दिसतो. पुढे बटण नाही, यूएसबी नाही. पहिलं काम धूळ. दुसरं, मदरबोर्डवरचे कपॅसिटर बोटाने चाचपून बघणं. 2000 नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या बोर्डांवर ते फुगलेले सापडतात, आणि फुगलेले बदलल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नसतो. तिसरं, नाण्याएवढा सीआर 2032 सेल, जो बहुतेक वेळा मेलेला असतो. मशीन मूळ जपानी बाजारातलं असेल तर पुरवठा 100 व्होल्टचा आहे का हे आधी बघायचं. आपले 230 व्होल्ट थेट दिले तर क्षणात धूर. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, साध्या एटीएक्स जातीचा असेल तर इथलाच नवा बसवणं बरं.

मग येते डिस्क. बऱ्याच जपानी मशीनांमध्ये ती एटीए पासवर्डने, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या कुलपाने, लॉक केलेली असते आणि त्या मशीनबाहेर उघडत नाही. इथे बरेच जण हात टेकतात आणि 'बोर्ड लॉक आहे' म्हणून सगळं भंगारात देतात. बोर्ड सहसा लॉक नसतो. कुलूप खेळाला असतं, आणि आपल्याला खेळ नकोच आहे. ती डिस्क काढून ठेवायची, दुसरी लावायची, लिनक्स टाकायचं. डिस्क उघडी सापडली म्हणून ज्यांनी मूळ विंडोजच चालू ठेवली, त्यांना राइट फिल्टरने गाठलं. मुलीने संध्याकाळी टाइप केलेला निबंध सकाळी नाही.  यंत्र बिघडलेलं नव्हतं, त्याला जे शिकवलं होतं ते ते चोख करत होतं.

आणखी एक सापळा मागच्या बाजूला आहे. जेव्हीएस नावाची जी जोडणी जॉयस्टिक-बटणांसाठी वापरतात तिचं तोंड हुबेहूब यूएसबीसारखं असतं, पण आतली विजेची भाषा यूएसबीची नाही, आरएस-485 या वेगळ्या पद्धतीची. त्यात पेनड्राइव्ह खुपसला तर काही वाचलं जात नाही, आणि पेनड्राइव्हचं नुकसान झालं तर नवल नाही. खरे यूएसबी कोणते ते आधी ओळखून जेव्हीएसच्या तोंडावर चिकटपट्टी लावणं हा माझ्या मते या कामातला सगळ्यात स्वस्त शहाणपणा आहे.

तांत्रिक बाजू एवढीच आहे. एखाद्या सुटीत जमण्यासारखी. खरा गुंता नावाचा आहे : या वस्तूला गेम मशीन म्हणायचं की कम्प्युटर?

जकातीच्या जागतिक वर्गवारीत कम्प्युटर 8471 या शीर्षकाखाली येतात, व्हिडिओ गेम आणि टोकनवर चालणारी यंत्रं 9504खाली. 84व्या प्रकरणाच्या टिपेत असं म्हटलं आहे की आत कम्प्युटर असलेलं यंत्र एखादं वेगळं विशिष्ट काम करत असेल तर ते त्या कामाच्या शीर्षकाखाली धरायचं. म्हणून आख्खं मशीन 9504मध्ये जातं, हे ठीकच. पण डबा मशीनमधून बाहेर काढला की? 1 जुलै 2017ला जीएसटी आला तेव्हा कम्प्युटरवर 18 टक्के आणि व्हिडिओ गेम कन्सोलवर 28 टक्के कर होता. कन्सोलचा दर 1 जानेवारी 2019पासून 18वर आला. त्या दीड वर्षात बिलावर काय लिहायचं या प्रश्नाला दहा टक्क्यांचं वजन होतं. नंतर दर सारखे झाले, प्रश्न मात्र दुसऱ्या दाराने परत आला.

ते दार म्हणजे ई-कचऱ्याचे नियम. 2011चे नियम 1 मे 2012पासून लागू झाले, 2016चे त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून. 2016च्या यादीत पर्सनल कम्प्युटर होता, 'इनपुट आणि आउटपुट साधनांसह सीपीयू' अशा शब्दांत. पार्लरचं मशीन त्या यादीत नव्हतं. स्टीअरिंग हे इनपुट साधन आणि पडदा हे आउटपुट साधन मानलं तर मशीन कम्प्युटर ठरतं, न मानलं तर ते यादीबाहेरचं लोखंड. दोन्ही वाचनं प्रामाणिकपणे करता येतात. त्याहून अडचणीची आहे ती नूतनीकरणाची व्याख्या. जुनं उपकरण दुरुस्त करून त्याचं आयुष्य वाढवायचं, पण 'मुळात ज्या वापरासाठी ते होतं त्याच वापरासाठी', आणि मग विकायचं, असा तिचा आशय. 2022च्या नियमांतही हा 'मूळ वापर' कायम राहिला.

आता या डब्याचा मूळ वापर कोणता? मशीनकडे पाहिलं तर शर्यत खेळणं. मदरबोर्डकडे पाहिलं तर हिशेब, लिखाण, इंटरनेट, जे सांगाल ते. कारखान्यातून निघताना तो मदरबोर्ड कम्प्युटरचाच होता. मधली दहा वर्षं तो एका मशीनच्या पोटात नोकरीला होता. नोकरी बदलली म्हणून त्याची जात बदलते, हे मला पटत नाही. उलट बाजूचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे. ज्या कामासाठी वस्तू तपासली गेली त्याच कामासाठी ती विकली तर जबाबदारी कुणाची हे सांगता येतं. वापर बदलला की विजेचा धक्का बसला तर बोट कुणाकडे दाखवायचं? ही काळजी खरी आहे, आणि 100 व्होल्टचा एसएमपीएस पाहिलेल्या कुणालाही ती कळेल. पण मग उत्तर तपासणीच्या नियमात शोधायला हवं. 'मूळ वापर' या दोन शब्दांच्या जोरावर चांगला बोर्ड चिरडून त्यातलं तांबं काढणं हे ई-कचरा कमी करण्याच्या नावाखाली ई-कचरा तयार करणं आहे. पाच-सात घरांना कम्प्युटर देऊ शकणारा एखादा कारागीर या शब्दांपाशी अडतो, विकायला घाबरतो, आणि माल पुन्हा वजनकाट्यावर जातो. स्वतःच्या घरी स्वतःसाठी डबा लावणाऱ्याला ही अडचण नाही, कारण तो विकत नाही.

1 एप्रिल 2023पासून लागू झालेल्या नियमांनी यादी 106 वस्तूंची केली. खेळणी आणि करमणुकीच्या गटात व्हिडिओ गेम आले, नाण्यावर चालणारी यंत्रंही आली. त्यामुळे मशीन यादीत आहे की बाहेर, हा वाद मिटला. मात्र ते करमणुकीच्या रकान्यात बसल्यामुळे त्याचा 'मूळ वापर' आता कागदावर आणखी घट्ट झाला आहे.

दरम्यान काळाने आपली चाळणी लावली. एक्सपीचा आधार, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या दुरुस्त्या, 8 एप्रिल 2014लाच संपला होता. पहिल्या टाइप एक्समधल्या नॉर्थवुड जातीच्या सेलेरॉनमध्ये एनएक्स ही सुरक्षेची सोय नाही, म्हणून विंडोज 8 आणि पुढचं काहीच त्यावर चढत नाही. लिनक्सचा आसरा होता, पण ऑगस्ट 2025मध्ये आलेल्या डेबियन 13 या लिनक्सच्या आवृत्तीने अशा जुन्या 32-बिट कम्प्युटरवर नव्याने बसण्याची सोय काढून टाकली. विंडोज 10चा आधार 14 ऑक्टोबर 2025ला संपला, आणि विंडोज 11ला टीपीएम 2.0 हा सुरक्षेचा भाग लागतो जो यांतल्या कुठल्याही डब्यात नाही. टाइप एक्स 2, रिंगएज आणि त्या काळातली बरीच चिनी मशीनं 64-बिट आहेत. चार जीबी रॅम आणि साधी एसएसडी घातली की त्यांवर आजचं लिनक्स, ब्राउझर आणि मराठी टायपिंग चालतं. भंगारवाल्याकडे डबा उघडून बघताना सॉकेट 478 दिसला तर ठेवून द्यायचा, 775 दिसला तर घरी आणायचा.