धारक भिंत (घरालगतची, गोवा)

उतारावरची किंवा भरावाची माती जागच्या जागी रोखून धरणारी भिंत. बोलताना तिला सर्रास 'रिटेनिंग वॉल' म्हणतात, वर्तमानपत्रांत ती 'संरक्षक भिंत' होते, आणि तीही बहुधा कोसळल्यावरच. कुंपणाच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी मोकळी हवा असते. धारक भिंतीच्या पाठीशी माती असते आणि पावसाळ्यात पाणीही. हा फरक न ओळखता कुंपणासारखीच बारीक भिंत उभी केली, की पुढचे दुखणे ठरलेले.

गोव्यातली जुनी वस्ती सखल शेते आणि खाजने (खाडीकाठची बांध घालून राखलेली खारी जमीन) सोडून टेकड्यांच्या उतारावर व पायथ्याशी वसली. पणजीत आल्तिनो टेकडीच्या पायथ्याची फोंताइनियश ही वस्ती त्याचे सहज दिसणारे उदाहरण. परसात चौथरा काढायचा, नारळाच्या बुंध्याशी माती धरायची, उतारावरच्या कुळागरात (पोफळी-नारळाच्या बागायतीत) पायऱ्यापायऱ्यांनी पोफळी लावायच्या, तर दगडी बांध लागतोच. जुना बांध बहुधा गडग्यासारखा, चुन्या-सिमेंटाशिवाय रचलेला असे. चांगल्या पावसानंतर असा बांध जवळून पाहावा: सांध्यासांध्यांतून पाणी ठिबकत असते, शेवाळ आणि नेचे तिथेच उगवतात. माती आत राहते, पाणी बाहेर पडते.

नेमके हेच सिमेंटने बिघडवले. चिरे (जांभा दगडाचे ठोकळे) सिमेंटात बसवून दर्जा, म्हणजे सांधे, भरल्या, वर गिलावा केला, की भिंत देखणी दिसते; पण पाण्याला वाट उरत नाही. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. मोकळ्या कोरड्या मातीच्या तुलनेत पाण्याने गच्च भरलेल्या मातीचा रेटा दुपटीहून अधिक होऊ शकतो. मग भिंतीला मध्यावर पोट सुटते, आडवी भेग जाते आणि एखाद्या रात्री सगळे अंगणात येते.

मातीच्या रेट्याचे गणित शार्ल कुलों या फ्रेंच लष्करी अभियंत्याने 1773 मध्ये मांडले. स्कॉटिश अभियंता विल्यम रँकिनने 1857 मध्ये त्याला नवे रूप दिले. घरमालकाने त्यातले एवढे लक्षात ठेवले तरी पुरे: उंची दुप्पट केली की रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवणारा जोर आठपट. म्हणून सहा फुटांच्या एका भिंतीपेक्षा, मध्ये पुरेसे अंतर सोडून बांधलेल्या तीन-तीन फुटांच्या दोन भिंती शहाणपणाच्या. अंतर न सोडता एकीच्या डोक्यावर दुसरी चढवली, तर ती एकच उंच भिंत समजावी.

निव्वळ वजनावर उभ्या राहणाऱ्या दगडी भिंतीचा तळ साधारणपणे उंचीच्या निम्मा ते दोन-तृतीयांश ठेवतात आणि दर्शनी बाजू मातीकडे थोडी कलती घेतात. पाया भरावात नव्हे, मूळ घट्ट जमिनीत हवा. पाठीशी लगेच लाल माती न लोटता खडीचा थर देतात, तळाशी पाणी वाहून नेणारी नळी टाकतात आणि भिंतीत दीड-दोन मीटरवर 75 ते 100 मिमी व्यासाच्या नळ्या बाहेरच्या बाजूला उतरत्या बसवतात. त्यांची तोंडे गिलाव्याखाली बुजवणारे गवंडी आजही भेटतात.

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, वाऱ्याउन्हात कडक होतो. म्हणून चिरा हवा तसा तासता येतो. मात्र जांभ्याच्या कडक थराखाली पुष्कळ ठिकाणी पांढुरकी-गुलाबी चिकणमाती असते. ती भिजली की निसरडी होते. वरचा जांभा बघून 'कातळ लागला' असे समजणे अंगलट येते.

उंच भिंतीसाठी सळया घातलेले काँक्रीट किंवा जाळीत दगड भरलेले गॅबियन वापरतात. त्यांचा आराखडा अभियंत्याकडूनच घ्यावा. कमी उतारावर वाळा लावला तरी त्याच्या खोल मुळ्या माती धरतात. भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप मात्र दोन पानांवर असतानाच उपटावे.

गोव्याच्या 1974 च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम 17-अ नुसार डोंगर कापण्यास व सखल जमीन भरण्यास पूर्वपरवानगी लागते. त्यामुळे भिंतीसाठी उतार कापायचा असेल, तर ही परवानगी आधी पाहावी लागते.