पैसा पूर आल्यावरच मिळतो, हे खरं नाही

"सरकारी पैसा घरात पाणी शिरल्यावरच येतो, आधी तरतूदच नसते," हे वडोदऱ्यात दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. ऑगस्ट 2024मध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, भिजलेल्या गाद्या आणि फ्रीज रस्त्यावर आले. राग रास्तच आहे. समज मात्र चुकीचा आहे. 15व्या वित्त आयोगाने 2021-26साठी राज्यांच्या आपत्ती निधीतला 20 टक्के वाटा हानी आधीच टाळण्यासाठी राखला. 80 टक्के मदतीला. आपत्ती व्यवस्थापन कायद्यात अशा निधीची सोय 2005पासूनच आहे! हानी टाळण्याचा हा पैसा मुख्यतः छोट्या, स्थानिक कामांसाठी. मोठे बंधारे नेहमीच्या योजनांतून व्हावेत अशी अपेक्षा. म्हणून नगरसेवकाला नुकसानभरपाईबरोबरच विचारा: आपल्या वॉर्डातल्या कांसेचा, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्याचा, प्रस्ताव गेला का?