पुष्टीकरण, मांसोत्पादक जनावरांचे (विदर्भ)

कत्तलीपूर्वीच्या काही महिन्यांत जनावराला निर्वाहापुरत्या चाऱ्याहून अधिक सकस खुराक देऊन त्याचे वजन आणि मांसाची प्रत वाढविण्याच्या पद्धतीस पुष्टीकरण म्हणतात. उत्तर अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात गोवंशाची जनावरे बंदिस्त वाड्यांत मोठ्या संख्येने ठेवून धान्यावर वाढवितात. त्या अर्थाचे पुष्टीकरण विदर्भात नाही. येथे ते रेडे (बोलीत हेले) आणि बोकड यांच्यापुरते मर्यादित असून स्वतंत्र धंदा म्हणून क्वचितच केले जाते. कापूस, तूर, सोयाबीन आणि धान या पिकांच्या मागे जे उरते त्यावर, घरच्या दोन-चार जनावरांना ‘पोसणे’ हेच त्याचे नेहमीचे रूप होय.

तेल काढून उरलेल्या चोथ्याला पश्चिम महाराष्ट्रात पेंड, तर विदर्भात ढेप म्हणतात. पेंड हा शब्द संस्कृत ‘पिण्ड’पासून आला की ‘पिण्याक’पासून, याविषयी दोन मते संभवतात. ध्वनिदृष्ट्या पहिली व्युत्पत्ती सोपी आहे. अर्थाच्या दृष्टीने दुसरी जवळची वाटते, कारण पिण्याक म्हणजे तेलबियांचा चोथाच. कौटिलीय अर्थशास्त्रात (रचनाकाळ वादग्रस्त, साधारणतः इ. स. पू. चौथे ते इ. स. तिसरे शतक) बैलांच्या दैनिक शिध्यात गवत, कणीकोंडा व मीठ यांच्याबरोबर घाण्यावरच्या पिण्याकाचे मापही दिले आहे. त्याच ग्रंथात सूनाध्यक्षाच्या (कत्तलखान्यावरील अधिकाऱ्याच्या) प्रकरणात वासरू, वळू व दुभती गाय अवध्य ठरविली आहेत. यावरून ढेपेचा खुराक प्राचीन असला, तरी तो मुळात कामाच्या बैलासाठी होता असे म्हणता येते. ढेप हा शब्द मात्र गुळाच्या ढेपेप्रमाणे आकारावरूनच आलेला असावा. ढेकळाला ढेपूळ म्हणतात, तेही याच कुळातले दिसते.

विदर्भात हा व्यवसाय हेल्यांवर का येऊन थांबला, हे कायद्याच्या इतिहासावाचून कळत नाही. राज्यातील बैलांच्या कत्तलीवरील बंदी २०१५ मध्ये प्रथम आली असे सामान्यतः लिहिले जाते. विदर्भापुरते ते अपुरे आहे. १९५६ पर्यंत हा प्रदेश मध्य प्रदेशात होता आणि तेथील १९४९ च्या मध्य प्रांत व वऱ्हाड पशु संरक्षण अधिनियमाने, नंतरच्या दुरुस्त्यांसह, गाय, वासरू, वळू व बैल या सर्वांची कत्तल निषिद्ध केली होती. म्हैसवर्गाला मात्र दाखला घेऊन परवानगी होती. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हनीफ कुरेशी खटल्यात निरुपयोगी झालेल्या वळू-बैलांवरील सरसकट बंदी अवैध ठरविली. पुढे १९७६ च्या महाराष्ट्र पशु संरक्षण अधिनियमाने गायीवरील बंदी राज्यभर केली आणि बैलांसाठी दाखल्याची अट घातली. १९९५ च्या दुरुस्ती विधेयकाला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाल्यावर वळू व बैल यांचीही कत्तल बंद झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ च्या निकालात ही बंदी कायम ठेवली, परंतु राज्याबाहेर कत्तल झालेल्या जनावराचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरविणारी तरतूद रद्द केली. म्हैसवर्गाला सरसकट बंदी लागू नाही.

विदर्भातील म्हशींची मुख्य जात नागपुरी होय. एलिचपुरी, वऱ्हाडी, गौळणी ही तिचीच नावे जुन्या लेखनात येतात. तलवारीसारखी लांब, चपटी व खांद्यापर्यंत मागे गेलेली शिंगे ही तिची खूण आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील भुरकट रंगाची पूर्णाथडी ही पूर्वी तिचाच प्रकार समजली जाई. अलीकडे तिची वेगळी जात म्हणून नोंद झाली असून, रंग व वितरण पाहता तेच अधिक योग्य दिसते. वगारीला (मादी पारडाला) दूध पाजले जाते, हेल्याला (नर पारडाला) मात्र पान्हा सुटेपर्यंतच सडाला लावतात. अर्धपोटी आणि जंतांनी पोखरलेली नर पारडी अनेकदा पहिल्या काही महिन्यांतच दगावतात. ही पारडी वाचवून मांसासाठी वाढवावी, या हेतूने केंद्र शासनाने योजनाही आखली होती. जंताचे औषध पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच पाजणे हा या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

खुराकाचा कणा म्हणजे सरकी आणि सरकीची ढेप. सालासकट काढलेल्या ढेपेत प्रथिने सुमारे २० ते २४ टक्के, तर साल काढलेल्या ढेपेत ४० टक्क्यांच्या आसपास असतात. सरकीतील गॉसिपॉल हे पिवळे विषारी रंगद्रव्य १८८६ मध्ये वेगळे करण्यात आले आणि १८९९ मध्ये पोलिश रसायनज्ञ मार्खलेव्स्की यांनी त्यास हे नाव दिले. मुक्त गॉसिपॉल बाधक असते. उष्णतेने ते प्रथिनांशी बांधले जाते व विषार घटतो, पण त्याबरोबर लायसिन या अमिनो अम्लाची उपलब्धताही कमी होते. रवंथ करणाऱ्या प्रौढ जनावराच्या पहिल्या पोटात त्याचा बराचसा भाग निष्प्रभ होतो. ज्या पारडाचे हे पोट अद्याप तयार झालेले नाही त्याला ढेप घालणे म्हणूनच धोक्याचे असते. वळूच्या प्रजननक्षमतेवर होणारा त्याचा परिणाम मांसाच्या जनावराबाबत गौण ठरतो.

सुक्या चाऱ्यात वऱ्हाडात तुरीचे, हरभऱ्याचे व सोयाबीनचे कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) आणि पूर्व विदर्भात धानाचे तणस (वाळलेला पेंढा) येते. सोयाबीनने ज्वारीची जागा घेतल्यापासून कडबा दुर्मीळ झाला आहे. तणसात प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के असतात. १०० किलो तणसावर ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा आणि ते २१ दिवस हवाबंद झाकून ठेवावे, म्हणजे हे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली भागांत धानानंतर निघणाऱ्या लाखोळी या कडधान्याचे कुटारही जनावरांना घालतात.

प्रत्यक्ष पद्धत साधी आहे. दीडशे किलोच्या हेल्याला कुटार व हिरव्या चाऱ्याबरोबर दिवसाला एक ते दीड किलो खुराक पुरतो. ढेप रात्री टोपल्यात भिजत घालतात. सकाळी ती फुगून सुटली की तुरीची चुनी (डाळ करताना निघणारा चुरा), कोंडा व मूठभर मीठ कालवून गव्हाणीत टाकतात. खुराक आठ-दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो. एकदम वाढविल्यास पोटात आम्लता होऊन जनावर आडवे होते. लग्नघरचा उरलेला भात गव्हाणीत रिकामा केल्यावर होणारी विषबाधा हीच. बऱ्या खुराकावर हेल्याचे वजन रोज ४०० ते ६०० ग्रॅमने वाढू शकते. छातीचा घेर व लांबी इंचांत मोजून घेराचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले ३०० असे केल्यास वजन पौंडांत मिळते. व्यापारी मात्र फीत काढत नाही. तो शेपटाच्या मुळाशी चिमटा घेतो, शेवटच्या बरगडीवरून अंगठा फिरवितो, ओठ वर करून ‘आदत’ (दुधाचे दात न पडलेले) की ‘दोनदाती’ (दोन कायमचे दात आलेले) ते पाहतो आणि रुमालाखाली बोटे धरून भाव सांगतो.

बोकडांचे पुष्टीकरण बकरी ईदच्या अगोदर तीन-चार महिने सुरू होते. त्यासाठी स्थानिक बेरारी जातीचे बोकड वापरतात व त्यांना रोज २०० ते ३०० ग्रॅम खुराक देतात. नेहमीच्या कत्तलीसाठी बोकड लहानपणीच खच्ची करतात. कुर्बानीच्या बोकडाबाबत गिऱ्हाइकाची आवड वेगवेगळी असते.