९३१, ९१६, ८७०: एकाच डिस्कची तीन मापं

बॅकअपसाठी घेतलेली १ टेराबाइटची नवी डिस्क परवा लिनक्सवर फॉरमॅट केली. आधी संगणक तिचं माप ९३१ जीबी दाखवत होता. ईएक्सटी-४ पद्धतीनं फॉरमॅट झाल्यावर डीएफ कमांडनं एकूण जागा ९१६ सांगितली, आणि त्याच ओळीत वापरता येण्याजोगी जागा ८७०. माझी एकही फाइल अजून डिस्कवर गेली नव्हती. अशा वेळी ‘कंपनीनं फसवलं’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. पण ही तिन्ही मापं खरी आहेत आणि त्यांतल्या प्रत्येक फरकाचा हिशेब लागतो.

पहिला फरक एककाचा. खोक्यावरचा टेरा म्हणजे १ लाख कोटी बाइट, सरळ दशमान पद्धतीनं. संगणक मात्र १,००० ऐवजी १,०२४ च्या पटीत मोजतो. किलोला हा फरक जेमतेम २.४ टक्के असतो, पण प्रत्येक पायरीला तो वाढत जातो आणि टेरापर्यंत १० टक्क्यांच्या आसपास पोचतो. १ लाख कोटी बाइटना १,०२४ नं तीनदा भागलं की ९३१ जीबी येतात. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगानं १९९८ मध्ये १,०२४ च्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं दिली. ती फारशी कुणाच्या तोंडी बसली नाहीत. जुन्या फ्लॉपीवरचं ‘१.४४ एमबी’ तर दोन्ही पद्धतींत बसत नाही. ते १,४४० गुणिले १,०२४ बाइट होते, म्हणजे एकाच आकड्यात दोन्ही पद्धतींची सरमिसळ! या लेखात पुढे सगळीकडे १,०२४ चंच माप धरलं आहे.

आता ९३१ चे ९१६ कसे झाले ते पाहू. मला स्वतःला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे.

फॉरमॅट करणं म्हणजे रिकामं रजिस्टर आखून ठेवणं. ईएक्सटी-४ सगळी जागा ४,०९६ बाइटच्या ब्लॉकांत वाटते. कुठला ब्लॉक रिकामा आणि कुठला भरलेला, हे लक्षात ठेवायला प्रत्येक ब्लॉकमागे १ बिट पुरतो: ० म्हणजे रिकामा, १ म्हणजे भरलेला. या बिटांच्या तक्त्याला बिटमॅप म्हणतात. तो किती मोठा ठेवायचा? रचनाकारांनी ठरवलं की बिटमॅप बरोबर एका ब्लॉकात मावला पाहिजे. एका ब्लॉकात ४,०९६ गुणिले ८, म्हणजे ३२,७६८ बिट असतात. म्हणून एक बिटमॅप ३२,७६८ ब्लॉक सांभाळतो आणि तेवढ्या ब्लॉकांचा एक गट बनतो. गटाचा आकार १२८ एमबी. हा आकडा वेगळा कुणी निवडलेला नाही, तो ब्लॉकच्या आकारातूनच निघतो. माझ्या डिस्कवर असे सुमारे ७,४५० गट आहेत.

बिटमॅप मात्र फार थोडी जागा घेतात, सगळे मिळून ६० एमबीसुद्धा नाही. खरी जागा जाते आयनोडांत. आयनोड म्हणजे फाइलचं ओळखपत्र: मालक कोण, आकार किती, शेवटचा बदल कधी झाला, मजकूर कुठल्या ब्लॉकांत आहे. नाव सोडून सगळं त्यात असतं, कारण नाव फोल्डरच्या नोंदीत राहतं. (म्हणूनच एका फाइलला दोन नावं देता येतात.) एक आयनोड २५६ बाइटचा, आणि दर १६,३८४ बाइटमागे एकाची जागा फॉरमॅट करतानाच राखली जाते. म्हणजे गटामागे ८,१९२ आयनोड, बरोबर २ एमबी. ७,४५० गटांचे झाले साडेचौदा जीबी. जर्नल (होऊ घातलेल्या बदलांची आधी नोंद करायची वही) आणि किरकोळ नोंदी त्यात मिळवल्या की ९३१ वरून आपण ९१६ च्या आसपास येतो.

बेरीज केली तर हे आयनोड ६ कोटींवर जातात. बॅकअपमध्ये मोजक्याच पण अवाढव्य फाइली असतील, तर एवढ्यांचा उपयोग नाही. फॉरमॅट करतानाच ‘लार्जफाइल’ हा पर्याय दिला की दर १ एमबीमागे एकच आयनोड बनतो. पण जपून! ही संख्या नंतर सहजी वाढवता येत नाही. आयनोड संपले की शेकडो जीबी मोकळे असूनही ‘जागा शिल्लक नाही’ असंच उत्तर येतं.

उरले ८७०. ईएक्सटी-४ पाच टक्के जागा रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यासाठी राखते, डिस्क काठोकाठ भरली तरी यंत्रणेला चार ओळी लिहिता याव्यात म्हणून. नुसत्या बॅकअपच्या पार्टिशनला एवढ्या राखीव जागेची गरज नसते. ट्यूनटूएफएस कमांडनं ती १ टक्क्यावर आणली की ३७ जीबी परत मिळतात, आणि त्यासाठी पुन्हा फॉरमॅटही करावं लागत नाही.

‘मधूनमधून फॉरमॅट केलं की डिस्क ताजीतवानी होते’ ही समजूत मी अनेकदा ऐकली आहे. तिला काही आधार नाही. डिस्कवरचे मार्ग आणि त्यांच्या खुणा कारखान्यात लिहिल्या जातात, आपण फक्त वरचं रजिस्टर बदलतो. झिजलेली चकती त्यानं बरी होत नाही. उलट झटपट फॉरमॅटनं जुना मजकूरही पुसला जात नाही, म्हणून तेवढ्यावर विसंबून जुनी डिस्क कुणाला देऊ नये.

खरी फसवणूक निराळी असते. संगणक दाखवतो ते माप डिस्कच्या आतला नियंत्रक सांगतो, आणि बनावट पेनड्राइव्हमध्ये तोच खोटं बोलतो. खरी जागा संपली की काही नियंत्रक पुन्हा पहिल्यापासून लिहू लागतात. तक्रार काहीच येत नाही, जुन्या फाइली मात्र खराब झालेल्या असतात. हे ओळखायचा भरवशाचा उपाय म्हणजे सगळी जागा चाचणीच्या मजकुरानं भरायची आणि तो परत वाचून ताडून पाहायचा. लिनक्सवर एफ३ आणि विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू हेच करतात. सेकंदाला १०० एमबी वेग धरला तर १ टेराबाइट लिहायला पावणेतीन तास लागतात, आणि वाचायला पुन्हा तितकेच. नव्या डिस्कवर पहिला बॅकअप घेण्याआधी मी ही चाचणी रात्री लावून ठेवतो.