धरण उशाला, फिल्टर पर्वतीला: सिंहगड रस्त्याच्या पाण्याची पार्श्वभूमी

जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या रुग्णालयांत हातापायांतली शक्ती गेलेले रुग्ण एकापाठोपाठ दाखल होऊ लागले. आजाराचे नाव गीयाँ-बारे सिंड्रोम, बोलीभाषेत जीबीएस. रुग्णांचे पत्ते मांडल्यावर बरेचसे एकाच पट्ट्यातले निघाले: नांदेड (पुण्याजवळचे गाव, मराठवाड्यातले शहर नव्हे), किरकटवाडी, धायरी, खडकवासला आणि सिंहगड रस्त्यालगतच्या सोसायट्या. महिनाअखेरीस केंद्राचे पथक आले. संशयित रुग्णांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला, काहींचे प्राणही गेले.

जीबीएस स्वतः संसर्गजन्य नाही. आधी पोटाचा किंवा श्वसनाचा संसर्ग होतो आणि त्याच्याशी लढायला तयार झालेली प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. यात सर्वाधिक बदनाम जिवाणू म्हणजे कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी, कारण त्याच्या आवरणातले काही घटक आपल्या मज्जातंतूंवरील घटकांशी मिळतेजुळते असतात. पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौच नमुन्यांत राष्ट्रीय विषाणू संस्थेला हाच जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. कॅम्पिलोबॅक्टर क्लोरीनपुढे फार तग धरत नाही. त्यामुळे पाण्यातून तो लोकांच्या पोटात गेला असेल, तर त्या पाण्यात क्लोरीन एकतर पडला नव्हता किंवा नळापर्यंत पोचण्याआधीच संपला होता. हा जिवाणू कोंबडीच्या मांसातही आढळतो, म्हणून चर्चा मात्र बरेच दिवस चिकन खावे की नाही, यावरच घुटमळत राहिली.

पुण्याचे पाणी खडकवासल्याचे. हे धरण 1870 च्या दशकात ब्रिटिशांनी बांधले. बांधणाऱ्या अभियंत्यावरून जलाशयाला फाइफ तलाव म्हणत. उजव्या कालव्याने ते पाणी पुणे, लष्कर छावणी आणि पुढच्या शेतीपर्यंत जाई. त्याआधी पेशवाईत कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने पाणी पेठांतल्या हौदांत येत होते. 12 जुलै 1961 ला वरचे पानशेत धरण फुटले आणि खालचे खडकवासलाही टिकले नाही. नंतर ते पुन्हा उभे राहिले. आज पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला मिळून सुमारे 29 टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) साठा होतो. शहराच्या वाट्याचे पाणी पर्वती, वडगाव, लष्कर अशा जलकेंद्रांत गाळून, निर्जंतुक होऊन पुढे जाते.

धरण आणि जलकेंद्रे यांच्यामध्ये जी गावे आहेत, त्यांच्या अंगणातून हे पाणी शहराकडे जात आले. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही ग्रामपंचायतीची गावे होती आणि त्यांची व्यवस्थाही ग्रामपंचायतीच्या बेताची होती. धरणाचे पाणी नांदेडच्या मोठ्या विहिरीत घ्यायचे, तिथे क्लोरीन मिसळायचा आणि आसपासच्या गावांना सोडायचे. गाळण्याची सोय नाही. थोड्या वस्तीला हे खपून गेले. गावोगाव टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरीवर पाणी चालते, आणि हजार लिटरला अडीच ग्रॅमचा हिशेब पाणी स्वच्छ असेल, पावडर ताजी असेल, तर बरोबरही ठरतो.

अडचण या ‘तर’पाशी सुरू होते. ब्लीचिंग पावडर पडून राहिली की तिचा जोर उतरतो. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन आधी त्यातल्या सेंद्रिय मळावरच खर्च होतो आणि जंतू गाळाच्या कणांआड सुखरूप राहतात. म्हणून जलकेंद्रात आधी तुरटी, मग निवळणी, मग वाळूचे फिल्टर आणि सगळ्यात शेवटी क्लोरीन असा क्रम असतो. पहिल्या तीन पायऱ्या वगळून चौथीवर सगळा भार टाकला, की डोस रोज अंदाजाने ठरतो. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक हवा. तपासणी सोपी आहे: ओटीचे (ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे) थेंब टाकले की क्लोरीन असलेले पाणी पिवळे होते. साथीच्या काळात या भागातल्या काही नमुन्यांत शिल्लक क्लोरीन शून्य निघाला.

दरम्यान गावे गावे राहिली नव्हती. 2015 मध्ये पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) स्थापन झाली आणि शहराबाहेर टॉवर उगवू लागले. परवानग्या देताना पाण्याचा प्रश्न बिल्डरच्या हमीपत्रावर सोडवला गेला: महापालिकेचे पाणी येईपर्यंत आम्ही पुरवू. सोसायटीच्या हातात ताबा आला की ती हमी बोअरवेल आणि टँकरमध्ये विरघळते, हे पुण्याच्या कडेला राहणाऱ्या कुणालाही वेगळे सांगायला नको. ऑक्टोबर 2017 मध्ये धायरीसह 11 गावे पालिकेत आली. 30 जून 2021 ला आणखी 23 गावे आली. नांदेड, किरकटवाडी आणि खडकवासला याच खेपेतली. क्षेत्रफळाने पुणे महापालिका राज्यात सर्वांत मोठी झाल्याच्या बातम्या तेव्हा अभिमानाने छापल्या गेल्या. हद्द एका अधिसूचनेने सरकते, जलवाहिनीला मात्र जागा, निविदा आणि खोदाई लागते. ग्रामपंचायती बरखास्त झाल्या, नांदेडची विहीर पालिकेच्या ताब्यात आली, पाणी होते तसेच राहिले. बांधकाम आराखड्यांचे अधिकार मात्र 23 गावांसाठी पीएमआरडीएकडेच होते. म्हणजे इमारतीला परवानगी एकाची आणि तिला पाणी दुसऱ्याचे.

नळाचा भरवसा नसला की लोक जारकडे वळतात. पाच-दहा रुपयांत वीस लिटर थंड पाणी देणारे आरओ प्लांट कोपऱ्याकोपऱ्यावर उभे राहिले. आरओ म्हणजे हमखास शुद्ध, ही समजूत इथे घात करते. आरओमधल्या पाणी गाळणाऱ्या पडद्याला क्लोरीन सोसत नाही, म्हणून तो आधीच कार्बन फिल्टरने काढून टाकतात. बाहेर पडणारे पाणी जंतुमुक्त असेलही, पण त्याच्या संरक्षणाला काही उरत नाही. टाकी अस्वच्छ, जार नीट न धुतलेला किंवा पडदा फाटका असेल, तर जंतूंना कुणी अडवत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये पालिकेने नांदेड, धायरी आणि परिसरातले 30 खासगी प्लांट बंद केले. काहींकडे परवानगी नव्हती, काहींच्या पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू होता. मानकाप्रमाणे 100 मिलिलिटर पाण्यात तो एकही चालत नाही. सीलबंद बाटलीवर अन्न व औषध प्रशासनाची नजर असते, सुट्या जारच्या पाण्याला बाटलीबंद म्हणत नाहीत, आणि या फटीत हा धंदा वर्षानुवर्षे वाढला.

साथ ओसरल्यावर या गावांसाठी स्वतंत्र शुद्धीकरण केंद्राच्या मागणीने जोर धरला. मागणी रास्त आहे, पण केंद्र बांधून पुरणार नाही. धरणाच्या काठावरच्या वस्त्या, हॉटेले आणि फार्महाउसांचे सांडपाणी अडवावे लागेल, जुन्या गावठाणातल्या जलवाहिन्या बदलाव्या लागतील. पाणी काही तासच येत असेल, तर उरलेल्या वेळात रिकामी जलवाहिनी शेजारच्या गटाराचे पाणी गळक्या सांध्यांतून आत ओढते, आणि तिथे उत्तम फिल्टरही काही करू शकत नाही. तोवर विहिरीवर क्लोरीनचा डोस नीट राखणे आणि विहिरीपाशी नव्हे, तर शेवटच्या सोसायटीच्या नळाशी ओटी करणे, एवढे तरी रोज करता येते.